बिनवाटेचं रान

परवा भाजीबाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसले आणि माझा हात आपोआप पिशवीकडे गेला. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा डहाळा, कांद्याची पात, मेथी, वाटाणा, काटेरी देठांची गावरान वांगी असं भज्जीला, म्हणजे येळवसच्या मिसळ भाजीला लागणारं सगळं घेऊन घरी आलो. बायकोनं पिशवी ओट्यावर पालथी केली, ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "एवढ्या भज्जीचं करायचं काय? खायची कुठं बसून?" येळवस चार दिवसांवर आली आहे आणि यंदा आम्हाला कुणाचंही बोलावणं नाही.

लातूरच्या बाहेरच्या माणसाला यातली लाज कळायची नाही, म्हणून सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस. पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात, पण पंचांगातलं नाव आम्ही पंचांगातच ठेवतो. त्या दिवशी सगळा जिल्हा रानात जाऊन जेवतो. दुकानं बंद, रस्ते ओस. ज्याला रान आहे तो आपल्या रानात जातो, ज्याला नाही त्याला रानवाला बोलावून नेतो. मग तो बँकेतला परगावचा साहेब असो नाहीतर रस्त्यावर कल्हई करणारा. घरात कुणी राहिलंच तर लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर घरात कुणी आजारी आहे, नाहीतर या माणसानं गावाशी वैर धरलंय. आमच्या समोरच्या होस्टेलात डॉक्टर व्हायला आलेली लांबलांबची पोरं राहतात. ती दरवर्षी येळवसच्या आदल्या दिवशी गेटवर येऊन विचारतात, "अंकल, उद्या मेस का बंद आहे?" मी त्यांना येळवस समजावून सांगतो. सगळी माणसं रानात जातात म्हणतो. मग तुम्ही का नाही जात, हा पुढचा प्रश्न त्यांनी अजून तरी विचारलेला नाही.

माझ्या लहानपणी आमची धामणवाडी आणि लातूर यांच्यामध्ये नुसतं रान होतं. काळी भुई, मधूनमधून एखादं लिंबाचं झाड, आणि संध्याकाळी लांबवर शहराचे चार दिवे. येळवसच्या आधीपासून घरात आंबिलाचा आंबूस वास भरलेला असायचा. ताकात कालवलेलं ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ, आणि ते सगळं ज्यात मुरायचं ते बिंदगं, म्हणजे चुन्यानं रंगवलेलं मातीचं मडकं. सकाळी वडील अंघोळ करून, खांद्यावर घोंगडं टाकून ते बिंदगं डोक्यावर घ्यायचे. आम्ही मागून बैलगाडीत. थंडीनं नाकाचे शेंडे लाल झालेले, ज्वारी पोटऱ्यात आलेली, पानांवरचं दव पायजम्याला पुसलं जाऊन गुडघ्यापर्यंत ओलं गार व्हायचं. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी उभी केलेली असायची. तिच्यात चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव. पूजा झाली की ताटातल्या गव्हाच्या खिरीला आणि बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांना धुराचा वास लागायचा. तो वास मला अजून कुठल्याही हॉटेलात मिळालेला नाही.

बायको मुदखेडची. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती घाबरलीच होती. "आमच्याकडं अमावस्येला माणसं घराबाहेर पडायला भितात, आणि तुमचं समदं गाव रानात जेवायला निघालंय," असं ती सासूला म्हणाली होती. पुढच्या वर्षी मात्र भज्जीत चिंच किती घालायची यावरून तिनं सासूशी वाद घातला. माणूस इतक्या लवकर इथला होऊन जातो.

वडिलांना त्या दिवशी भारी चढायची. दारूची नव्हे, मोठेपणाची. बांधावर उभे राहून ते रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाका मारायचे. शहरातले मास्तर, कारकून, कापडदुकानवाले आमच्या रानात येऊन मांडी घालून बसायचे आणि वडील हातात पळी घेऊन त्यांच्यामधून फिरायचे. चार घास वाढून झाले की ते हमखास एक गोष्ट सांगायचे. ती वाटेची गोष्ट होती.

आमच्या रानाच्या पलीकडे, ओढ्याच्या अंगाला, दोन एकराचं एक रान होतं. बौद्धवाड्यातल्या एका रेल्वे गँगमननं आयुष्यभर खडी टाकून, पोटाला चिमटा घेऊन ते विकत घेतलं होतं. त्याला रान विकलं म्हणून गावातले काही लोक विकणाऱ्यावरच बिघडले होते. रान तर घेतलं, पण जायचं कुठून? चहूबाजूंनी दुसऱ्यांची रानं, आणि आपल्या बांधावरून त्याची गाडी जाऊ द्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा माझ्या वडिलांनी चावडीत उभं राहून सांगितलं की माझ्या बांधावरून ने, गाडीपण ने. कागद नाही, सही नाही. तेवढ्या शब्दावर गँगमन, मग त्याचा मुलगा, मग मुलाची बायको अंजनाबाई चाळीसेक वर्षं आमच्या बांधावरून बैलगाडी नेत राहिले. गाडीच्या चाकांनी तिथं दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. पावसाळ्यात त्यांत पाणी साचायचं आणि आम्ही पोरं कागदाच्या होड्या सोडायचो.

आता त्या गोष्टीकडे बघताना मला वडिलांचाही फार अभिमान वाटत नाही. दिलं काय, तर बांधाची एक पट्टी. आणि तेच वडील येळवसला अंजनाबाईच्या सासऱ्यानं बोलावलं की उभ्याउभ्या जाऊन गूळ-शेंगदाणे तोंडात टाकून परत यायचे. त्यांच्या रानात पांडव मांडत नसत, पण भज्जी, आंबील, खीर सगळं तेच असायचं. वडील तिथं कधी बसले नाहीत. पण शब्द दिला होता आणि तो त्यांनी मरेपर्यंत पाळला, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणावं लागेल. माझ्या बाजूनं तेवढंही म्हणता येत नाही.

मग शहर आलं. आधी एक पेट्रोल पंप, मग एक मंगल कार्यालय, मग रिंगरोड. रानांत लाल रंगाचे खुंट उभे राहिले. धामणवाडीत एका उन्हाळ्यात इतक्या बुलेट गाड्या आल्या की पोरांना दूध घालायला जातानाही हेल्मेट मिरवायची हौस फिटेना. घरांवर सिमेंटचे घोडे बसले. गावच्या कमानीवर धामणवाडीच्या जागी कुठल्यातरी नगराचं नाव आलं, आणि ग्रामपंचायतीच्या ठिकाणी महापालिकेचा वॉर्ड. पुढं बुलेट जुन्या झाल्या. आज मी शाळेत शिकवलेला एक मुलगा, ज्याच्या घरी तेव्हा चार बैल होते, तो स्वतःच्याच पूर्वीच्या रानावर उभ्या राहिलेल्या होस्टेलच्या दारात खुर्ची टाकून बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव वहीत लिहितो. मला बघितलं की उठून उभा राहतो. "गुरुजी, बसा की," म्हणतो. मी घाईत असल्याचं दाखवून पुढं जातो.

मी सुद्धा विकलं. उगाच दुसऱ्यांची थट्टा करून स्वतःला वेगळं काढण्यात अर्थ नाही. निवृत्ती जवळ आली होती, भाऊ वाटणी मागत होते, आणि खरं सांगायचं तर मला पोर्चचं घर हवं होतं. प्लॉटिंगवाल्याशी ठरलं की कोपऱ्याचा एक प्लॉट माझ्या नावे राहील. त्यानं टेबलावर नकाशा पसरला. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशा कसा वाचायचा, दिशा कशी लावायची, पायवाटेची खूण कोणती, गाडीवाटेची कोणती, हे मी पोरांच्या पिढ्यांना घोकून घेतलं. त्या नकाशावर बांधावरची गाडीवाट नव्हती, हे मला एका नजरेत दिसलं. ती माझ्याच कोपऱ्याच्या प्लॉटमधून जायला हवी होती. मी चष्मा पुसला, सही केली आणि चहा घेतला.

सहा महिन्यांत प्लॉटिंगभोवती भिंत उठली. अंजनाबाईचा मुलगा सिद्धार्थ वीज खात्यात लाइनमन आहे. तो माझाच विद्यार्थी. त्यानं तहसीलला अर्ज केला की आमची वहिवाटीची गाडीवाट अडवली आहे, ती मोकळी करून द्या. जागेवर चौकशीला अधिकारी येणार असं कळलं. आदल्या दिवशी प्लॉटिंगवाल्याचा फोन आला. त्याचं बोलणं एकदम मऊ होतं. "गुरुजी, तुमचा पाया खंदून झालाय. वाट निघाली तर पहिल्यांदा तुमचाच पोर्च जातंय बगा. पुढचं तुमी शहाणे हाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी सगळे जमले. अधिकाऱ्यानं गावातल्या चार म्हाताऱ्यांना विचारलं. चौघांनीही माझ्याकडे बोट केलं. "गुरुजी सांगतील ते खरं. त्येंच्याच वडलानं दिलती म्हणं, पर आमाला काय ठावं." सगळी धामणवाडी मला खोटं न बोलणारा माणूस म्हणून ओळखत होती. कारण परीक्षेत कॉपी पकडल्यावर मी पाटलाच्या पोरालासुद्धा सोडलं नव्हतं. अधिकाऱ्यानं पेन उघडलं. "गुरुजी, इथून गाडीवाट होती का?"

समोर सिद्धार्थ उभा होता, त्याच्या बाजूला अंजनाबाई. पांढरं पातळ, पायात रबरी चप्पल. ती माझ्याकडे निर्धास्तपणे बघत होती, कारण तिला उत्तर माहीत होतं. माझ्या तोंडून शब्द आले, "माणसं जायची यायची कधीमधी. गाडीवाट म्हणावं असं काही नक्की आठवत नाही."

सिद्धार्थ पुढं झाला. "सर, काय बोलायलाव तुमी?" तेव्हा अंजनाबाईनं त्याच्या दंडाला धरून त्याला मागं घेतलं. अधिकाऱ्याकडे बघून ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. गुरुजीला इसर पडला आसंल. वय झालंय त्येंचं. त्ये खोटं बोलायचे न्हाईत."

तिनं शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. गावानं मला तोंडावर खोटारडा म्हटलं असतं तर मी रागावून घरात बसलो असतो आणि मला बरं वाटलं असतं. तिनं मला सगळ्यांदेखत वाचवलं, आणि मी वाचलो. जबाबावर मी मराठीत वळणदार सही केली. घरी आल्यावर बायकोनं पान वाढलं. ती याच बांधावरून नवी नवरी म्हणून गाडीत बसून रानात आली होती. त्या दिवशी तिनं माझ्या पानाशेजारी स्वतःचं पान घेतलं नाही.

घर झालं. पोर्च झाला. मी आज राहतो ते त्या वाटेवर. सकाळी मी जिथं पेपर वाचतो तिथून चाकोरी जात होती, हे मला फरशीखाली दिसतं. माझ्या गच्चीवरून भिंतीपलीकडे अंजनाबाईची ज्वारी दिसायची. शंभर पावलांवर. पण तिला मात्र रानात जायचं म्हणजे रिंगरोडनं वळसा घालून ओढ्यातून जावं लागायचं. ओढा म्हणायचं आपलं. नव्या वसाहतींचं सगळं सांडपाणी त्यात सोडलेलं. तिथून बैलगाडी उतरत नाही, ट्रॅक्टर जात नाही, मळणीयंत्र तर नाहीच. पहिल्या वर्षी त्यांनी कणसं पोत्यात भरून डोक्यावर बाहेर काढली. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली बायको ते बघत उभी राहायची. मी गच्चीवर जाणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी येळवसच्या आदल्या दिवशी अंजनाबाई आमच्या गेटशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. "गुरुजी, उद्या आमच्या येळवसला या. बाईला घिऊन या. समद्या धामणवाडीत आता आमचंच तेवढं रान ऱ्हायलंय, तर मी म्हटलं समद्यांनाच बोलवावं." मी "बघतो, जमलं तर" असं म्हणालो. येळवसला कुणी "बघतो" म्हणत नाही. तिनं मान हलवली आणि पुढच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते लिहिताना हात अडखळतो आहे. सकाळी वस्ती रिकामी व्हायला लागली तशी मी पुढच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत आलो आणि पडदे ओढले. लोकांना वाटावं की गुरुजी कुणाच्यातरी रानात गेलेत. टीव्हीचा आवाज बंद ठेवून नुसती चित्रं बघत बसलो. भिंतीपलीकडून माणसांचा गलका येत होता. कुणीतरी भज्जीला फोडणी दिल्याचा लसणाचा वास खिडकीच्या फटीतून आत आला. बायको सोफ्यावर बसून होती. दुपार झाली तशी ती उठली, तिनं पायात चप्पल घातली. "मी कुणाचं काय चोरलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बसा कोंडून." मागचं दार उघडून ती निघून गेली.

मी अर्धा तास बसलो असेन. मग माझ्याच घरात मला श्वास घेता येईना, आणि मीही निघालो. होस्टेलांच्या रांगा, बंद मेस, बंद झेरॉक्सची दुकानं. रिंगरोडवर एक वाहन नाही. ओढ्याशी पोचलो तेव्हा वासानं नाकाला रुमाल लावावा लागला. काळं पाणी, फेस, प्लास्टिक. मधे चारपाच दगड टाकलेले. कडेच्या चिखलात बायकांच्या पावलांच्या खुणा होत्या. म्हणजे इथूनच त्यांनी सगळा स्वयंपाक, बिंदगी, पाण्याच्या कळशा डोक्यावरून नेल्या होत्या. मी पँट दुमडत असताना पलीकडच्या काठावर सिद्धार्थ दिसला. त्यानं मला बघितलं. पाण्यात एक पाय टाकून त्यानं हात पुढं केला. "सर, ह्या दगडावर पाय देऊ नका. हलतंय त्यो. हिकडून या." मी त्याचा हात धरला. वर्गात याच पोराला मी नकाशावर नद्या दाखवायला फळ्यापाशी उभं करायचो.

रानात पाय ठेवला आणि मी थबकलो. त्या दोन एकरांत सगळी धामणवाडी बसली होती. होस्टेलचा वॉचमन, त्याची बायको, सिमेंटच्या घोड्यांचे मालक, चौकशीत माझ्याकडे बोट करणारे ते चार म्हातारे. बांधावर, ज्वारीच्या कडेला, जागा मिळेल तिथं. ज्यांच्या आज्यांनी या घरातलं पाणी घेतलं नव्हतं, त्यांची नातवंडं तिथं उंडे मागून घेत होती. बायको बायकांच्या घोळक्यात वाढत होती. एका म्हाताऱ्यानं सरकून मला जागा करून दिली. मी मांडी घातली. पानात भज्जी पडली, खीर पडली. ज्वारीच्या पानांची सळसळ कानाशी होती, ऊन पाठीवर होतं, आणि मला इतकी भूक लागली होती याची मला जेवताना लाज वाटली.

अंजनाबाई आंबिलाचं मडकं घेऊन फिरत माझ्यापाशी आली. खाली बसून तिनं माझ्यापुढच्या गडूत आंबील ओतलं. मी घरून निघाल्यापासून जुळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "अंजनाबाई, मला सगळं आठवतं. गाडीवाट होती. मी खोटं बोललो. मी पुन्हा जबाब देतो. पोर्च पाडायला लागला तर पाडू."

आजूबाजूचे दोघेतिघे जेवता जेवता थांबले. अंजनाबाईनं मडक्याचं तोंड पदरानं पुसलं.

"आता कशाला, गुरुजी," ती म्हणाली. "रान इकून दिलं. संक्रात झाल्यावर कागुद हाय."

"कुणाला दिलं?"

तिनं हनुवटीनं प्लॉटिंगवाल्याच्या भिंतीकडे दाखवलं. "त्यालाच. बिनवाटंचं रान दुसरं कोण घेतंय? दोन साल वढलं आमी. पोरगं थकलं, मीबी थकले. म्हणून तर समद्यांला बोलावलं औंदा. म्हटलं, एक डाव समदे बसून जेवावेत हितं."

ती उठायला लागली, मग तिला काहीतरी आठवलं आणि ती पुन्हा बसली. माझ्याकडे बघताना तिच्या कपाळाला काळजीची आठी पडली होती. त्यात टोमणा असता तर मला झेपला असता, पण तिला खरोखरच माझी चिंता वाटत होती.

"आमी काय, बहिणीच्या रानात जाऊ औशाला," ती म्हणाली. "पर पुढल्या साली तुमी कुठं जाताल, गुरुजी?"

मी गडू तोंडाला लावला. आंबील संपलं, तरी मी तो तोंडावरून काढला नाही.